‘कुर्बानत शवम’ म्हणजे प्रेम नव्हे!

मोडीवाली
काल ‘उंटावरचा शहाणा’ यांनी लिहिलं की काजार राजघराण्याच्या काळातल्या इराणातल्या खानदानी घरांची पत्रं बघा, नवरा बायकोला ‘कुर्बानत शवम’, तुझ्यावरून ओवाळून जाईन, असं लिहितो. आपले पूर्वज मात्र ‘अनेक आशीर्वाद’ ठोकून मोकळे. म्हणून तिकडचे संसार जास्त प्रेमाचे! रात्री साडेअकराला वाचलं, झोप उडाली.

अहो, तो मायना आहे. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ लिहिणारा काय दर वेळी जमिनीवर आडवा पडायचा? इराणचा वजीर अमीर कबीर शहाला लिहायचा तेसुद्धा ‘आपल्या पायधुळीवर कुर्बान’ असंच. १८४९ साली नासिरुद्दीन शहानं आपली सख्खी बहीण इज्जत उद्दौला त्याला दिली. नोव्हेंबर १८५१ मध्ये वजिरी काढून घेतली, आणि त्यानंतरही मायेनं ओथंबलेली पत्रं पाठवली. जानेवारी १८५२ मध्ये त्याच शहाच्या हुकमानं काशानजवळ फिनच्या हमामात अमीराच्या नसा कापल्या. बहिणीचं लग्न लगोलग नव्या वजिराच्या, नूरीच्या, मुलाशी लावलं. १८५८ मध्ये नूरी पडला, तर तिथूनही सोडवून आणली. मायने सगळे गोडच होते हो.

उंटावरचा शहाणा
राजवाड्यातलं राजकारण संसाराच्या माथी मारू नका. आणि तुमचंच उदाहरण घ्या. इज्जत उद्दौला हट्टानं नवऱ्याबरोबर काशानला गेली. जेवणात विष असेल म्हणून आधी स्वतः घास घ्यायची, असं सांगतात. हेही मायन्यातलंच का?

मोडीवाली
बरं, हे एक मान्य. पण ते प्रेम ताटात आहे, पत्रात नाही.

वऱ्हाडी ठेचा
प्रेमबिम राहू द्या, व्यवहार बघा. तिथल्या खानदानी निकाहनाम्यात नवरा काय काय लिहून देतो? कुराणाची प्रत, आरसा, मेणबत्त्यांचं शमादान, अमुक तुमान रोख, कधी गावच्या सहा दांगांपैकी, म्हणजे हिश्शांपैकी, एखाद-दोन दांग जमीन. कागदाला सोनेरी वेलबुट्टी. आमच्याकडे? बहिणीच्या लग्नात वरपक्षानं आयत्या वेळी ‘मोटारसायकल तेवढी बघा’ म्हटलं. बाबांनी तीन एकरांतला एक एकर काढला. मोटारसायकल दोन वर्षांत विकली त्यानं. हुंड्याचे गोडवे गाणाऱ्यांनी माझ्याशी बोलू नये.

जुनी वही
दादा, हुंड्याचे गोडवे इथे कुणीच गायले नाहीत! आणि मेहेर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला लिहून दिलेलं हे सगळं, कागदावर असतो, हातात पडतो का? सुटका हवी असलेली बाई तिकडे काय म्हणायची, तर ‘मेहरम हलाल, जानम आज़ाद’. पैसा तुला लखलाभ, माझा जीव सोड. त्याची म्हण झाली, यावरून ओळखा.

वऱ्हाडी ठेचा
सोडायला तरी काहीतरी होतं ना तिच्याकडे! माझ्या बहिणीकडे तेही नाही.

जुनी वही
यावर मी काय बोलणार. खरं आहे.

मायन्यावरून आठवलं. आजोबा मुंबईला गिरणीत, आजी कोकणात. आजोबांनी आजीला तिच्या नावानं आयुष्यात पत्र लिहिलं नाही. सगळी पत्रं माझ्या वडिलांच्या नावे, वडिलांचं वय वर्षं दोन. ‘चिरंजीवास आशीर्वाद. तुझ्या आईस सांगणे की लोणच्याच्या बरणीस दादरा घट्ट बांधावा, आणि रात्रीचे विहिरीवर जाऊ नये.’ दोन वर्षांच्या पोराला लोणचं!

डोंबिवली फास्ट
आमच्याकडे पत्रावर सासऱ्यांचं नाव. आधी ते मोठ्यानं वाचणार, मग सासूबाई, मग आईच्या हातात. लिहिणारा काय डोंबल लिहिणार?

खडूस काका
तेव्हा निदान लिहीत तरी होते. आता अंगठा दाखवतात. माझा मुलगा परदेशातून महिन्याला एक अंगठा पाठवतो.

उंटावरचा शहाणा
काका, विषय इराणचा आहे!

खडूस काका
मग अंगठाही इराणचाच समजा.

मोडीवाली
पण जुनी वही यांचं बरोबर पकडलंय. इराणी पुरुषही चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे, ‘मंज़िल’ म्हणायचा, म्हणजे घर. आपल्याकडे ‘आमचं कुटुंब’. त्यामुळे कोण जास्त प्रेमळ हा प्रश्नच उथळ आहे.

उंटावरचा शहाणा
उथळ? तुम्ही मूळ कागद कधी पाहिलेत, की दुसऱ्यांचं वाचून आम्हाला शिकवताय?

मोडीवाली
हार्वर्डनं काजार स्त्रियांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह जालावर खुला ठेवलाय, वर्ष झालं बघतेय. मोडीत पंधरा वर्षं डोळे फोडले, तरी शिकस्ता या फारसीच्या मोडक्या, घाईच्या लिपीपुढे रडकुंडीला येते. ओळी शेवटी वर चढत जातात, कागद संपला की मजकूर वळून समासात शिरतो. रकमा सियाकात, म्हणजे हिशेबाच्या खास आकडेलिपीत, त्या वेगळ्याच लावायच्या. आणि लावल्यावर हाती काय येतं? ‘कुर्बानत शवम’, एक ओळ. खाली दहा ओळी पैशांच्या नाहीतर दुखण्याच्या. तुम्ही पहिल्या ओळीवर थांबलात, एवढंच माझं म्हणणं.

उंटावरचा शहाणा
ठीक आहे बाईसाहेब. माझ्या धाग्याच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह टाकतो. आपल्या पायधुळीवर कुर्बान.

जुनी वही
बघा, मायना!

मोडीवाली
जुनी वही, ती पत्रं आहेत का अजून? आजीनं उलट काय लिहिलं?

जुनी वही
आजीला लिहिता येत नव्हतं. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घ्यायची. एकच कार्ड सापडलं, शेवटी मास्तरांच्या अक्षरात, ‘दादरा बांधला आहे.’