डायरीत मुलींसाठी 11 नियम आणि मुलांसाठी 4: शाळेशी कसे बोलावे?

ऐरोलीची पालक (प्रश्न)

माझी लेक ऐरोलीतल्या एका विनाअनुदानित शाळेत आठवीत शिकते. जूनमध्ये नवी डायरी घरी आली, तेव्हा दरवर्षीप्रमाणे सही करण्यासाठी मी गणवेशाचे पान उघडले आणि पहिल्यांदाच ते सावकाश वाचले. मुलांसाठी 4 नियम आहेत: केस बारीक कापलेले असावेत, शर्ट खोचलेला असावा, बुटांना पॉलिश असावे आणि हातात कडे किंवा दोरा नसावा. मुलींसाठी 11 आहेत. स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटे, आत काळी शॉर्ट्स सक्तीची, शर्टाच्या आत पांढरीच समीज, दोन वेण्या काळ्या रिबनने वर बांधलेल्या, कपाळावर बट नको, कानात बारीक रिंगेपलीकडे काही नको, अशी ती यादी वाढत जाते आणि शेवटी येते की मुलींनी इतरांचे लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने राहावे. मुलांच्या यादीत हे वाक्य नाही.

गेल्या आठवड्यात परिपाठ संपल्यावर आठवी-नववीच्या मुलींना सभागृहात थांबवून सर्वांसमोर गुडघ्यांवर बसवले गेले आणि ज्यांच्या स्कर्टची कड जमिनीला टेकली नाही, त्यांच्या डायरीत लाल शेरा आला. लेकीची उंची सुट्टीत वाढली आहे. तोच स्कर्ट मार्चमध्ये नियमात बसत होता. त्या संध्याकाळी तिने स्वतः बसून शिवण उसवली आणि आत दुमडलेले कापड खाली सोडले. जुन्या घडीची फिकट रेघ मात्र इस्त्री करूनही गेली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्या रेघेवरून तिला ‘गणवेश नीटनेटका नाही’ असे ऐकावे लागले.

गणवेश असावा, याबद्दल माझे दुमत नाही आणि शाळेशी वैर घेण्याची माझी इच्छा नाही. परंतु एकाच वर्गातल्या मुलाला नीटनेटके राहायला सांगायचे आणि मुलीला दुसऱ्याच्या नजरेची जबाबदारी घ्यायला सांगायचे, हे मला पटत नाही. याबाबत कायदा काही सांगतो का, कोणाशी बोलावे, आणि लेकीला त्याचा त्रास होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

मी ठाण्यात 31 वर्षे माध्यमिक वर्गांना शिकवले आणि त्यांतली बरीच वर्षे मीही प्रार्थनेच्या वेळी रांगेतून फिरत मुलींच्या वेण्या आणि ओढणीच्या पिना तपासल्या आहेत. त्याची मला आज खंत वाटते, म्हणून हे नियम कसे जन्माला येतात ते सांगते.

बहुतेक नियमांमागे एखादा प्रसंग असतो. बसस्टॉपवर कोणी मुलीची छेड काढली, एखाद्या पालकाने तक्रार केली, की पुढच्याच बैठकीत स्कर्टची लांबी दोन बोटांनी वाढते. छेड काढणाऱ्याला हात लावणे कठीण असते, मुलगी मात्र समोर उभी असते. प्रसंग विसरला जातो, नियम डायरीत राहतो आणि दहा वर्षांनी तो का केला हे शाळेत कोणालाच सांगता येत नाही.

केस बांधण्याचा नियम उवा आणि स्वच्छता यांमुळे आला, हे मी समजू शकते. परंतु मग ज्याचे केस लांब आहेत त्याने ते बांधावेत, एवढेच त्यातून निघते. एक वेणी का चालत नाही आणि दोनच का हव्यात, याचे उत्तर मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत कोणी दिले नाही.

स्कर्टपेक्षाही शनिवारचा पीटीचा पांढरा गणवेश मला जास्त गंभीर वाटतो. पाळीच्या दिवसांत मुली कमरेला स्वेटर बांधून येत असत, तेही ऑक्टोबरच्या उकाड्यात, आणि तो स्वेटर गणवेशात बसत नाही म्हणून आम्ही तो सोडायला लावत असू. कित्येक मुली त्या शनिवारी यायच्याच नाहीत आणि हजेरीपत्रकात कारण म्हणून ‘पोटदुखी’ लिहिले जायचे. पांढऱ्या पोशाखाबाबत अत्यंत काटेकोर असलेल्या विम्बल्डननेदेखील 2023 पासून महिला खेळाडूंना आत गडद रंगाची शॉर्ट्स घालण्याची मुभा दिली. आपल्या शाळांना गडद निळी पँट ठरवायला काहीच हरकत नसावी.

मुख्याध्यापिकांना भेटताना सगळी यादी समोर ठेवा आणि प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण लिहून मागा. जे कारण मुलग्यालाही तितकेच लागू पडते, तो नियम दोघांसाठी एकाच शब्दांत लिहावा. जे लागू पडत नाही, ते का, यावर चर्चा व्हावी. शिक्षिकांवर दोष टाकू नका, कारण त्यांतल्या अनेकींना हे आतून पटत नसते.

वाशीतील वकील, दोन मुलींचा बाप

कायद्याची बाजू जितकी स्पष्ट आहे तितकीच सांगतो. संविधानाचे अनुच्छेद 14 आणि 15 लिंगावरून भेदभाव करण्यास राज्यसंस्थेला मनाई करतात, त्यामुळे महापालिकेच्या शाळेत हा मुद्दा थेट उभा करता येतो. विनाअनुदानित खासगी शाळेत तो तितक्या सरळ मार्गाने लागू होत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

मात्र शिक्षण हक्क कायदा, 2009 याचे कलम 17 खासगी शाळेलाही बंधनकारक आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना ते मनाई करते. सर्वांसमोर मुलींना गुडघ्यांवर बसवून स्कर्ट तपासणे यात मोडते, असे माझे स्पष्ट मत आहे. हा कायदा 6 ते 14 वर्षांच्या बालकांसाठी आहे, म्हणून आपल्या लेकीचे वय पत्रात आवर्जून लिहा.

हे मुलींच्या संरक्षणासाठीच आहे, असे उत्तर शाळेकडून येईल. अनुच्छेद 15(3) स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा राज्याला देतो, हे खरे आहे. परंतु मद्य मिळणाऱ्या जागी स्त्रियांना नोकरी करण्यास बंदी घालणारी पंजाबच्या कायद्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने अनुज गर्ग खटल्यात डिसेंबर 2007 मध्ये रद्द ठरवली, तेव्हा संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीचेच स्वातंत्र्य आक्रसणाऱ्या नियमांची कठोर तपासणी व्हायला हवी, हे तत्त्व मांडले गेले. पुढे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2014 च्या नाल्सा निकालात, पेहरावातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानला गेला. शाळेच्या गणवेशावर हे निकाल थेट नाहीत, पण पत्रात त्यांचा आधार घेता येतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील चार्टर डे स्कूल या शाळेत मुलींना स्कर्टची सक्ती होती. स्कर्टमुळे मैदानात मोकळेपणी खेळता येत नाही, बसतानाही सतत पायांचे भान ठेवावे लागते, असे तिथल्या मुलींनी सांगितले आणि 2022 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ही सक्ती समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, परंतु त्या मुलींनी सांगितलेले आपल्या मुलीही सांगतील, विचारून पाहा.

क्रम असा ठेवा: आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापिकांना लेखी पत्र आणि त्याची पोच, मग पालक-शिक्षक संघ. तिथेही दाद मिळाली नाही तरच शिक्षणाधिकारी आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. एकट्याने जाऊ नका; चार-पाच पालकांच्या सह्या असल्या की एखाद्या मुलीवर रोख राहत नाही.

घोडबंदर रोडचा पालक

माझा मुलगा नववीत आहे, म्हणून मुलांच्या यादीतल्या त्या पहिल्या नियमाबद्दल लिहितो. गेल्या वर्षी त्याचे केस कानावर आले होते. एका शिक्षकांनी वर्गातच कात्रीने पुढची एक बट मुळापासून कापली, म्हणजे उरलेले केस कापून घेण्यावाचून गत्यंतर राहू नये. तो घरी आला तो टोपी घालून, आणि दोन दिवस खोलीबाहेर जेवायलासुद्धा आला नाही. मुलीच्या केसांना अशी कात्री कोणी लावली असती तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात गर्दी झाली असती. मुलाच्या बाबतीत मात्र ‘शिस्त लागेल’ असे मलाच नातेवाइकांनी ऐकवले. मावशीच्या लग्नात हातावर काढलेली मेंदी दगडाने घासून काढायला लावलेला मुलगाही मी पाहिला आहे. नियम कमी आहेत म्हणून मुले मोकळी आहेत, असे कृपया समजू नये.

एका बाबतीत मात्र मी वेगळा विचार करतो. गणवेश ढिला झाला की ब्रँडची चढाओढ सुरू होते आणि ज्या घरात दोन मुलांना एक बूट पुरवावा लागतो, ते घर त्यात भरडले जाते. म्हणून नियम काढून टाका असे न म्हणता, ते दोघांना सारखे करा असे म्हणावे.

नेरुळची आई

केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने मुलग्यांना आणि मुलींना सारखाच, तीन-चतुर्थांश पँट आणि शर्ट असा गणवेश दिला, आणि डिसेंबर 2021 मध्ये कोळिकोड जिल्ह्यातील बालुसेरी येथील मुलींच्या शाळेत अकरावीसाठी शर्ट-पँट आली. बालुसेरीच्या वेळी काही संघटनांनी विरोध केला आणि पुढे सरकारलाही आपण सक्ती करणार नाही असे सांगावे लागले. म्हणून सक्तीऐवजी पर्याय मागा.

पर्याय मिळाल्यावरचा अनुभवही सांगते. आमच्या शाळेने पँटची मुभा दिली, तरी दीड महिना एकाही मुलीने ती घातली नाही, कारण पहिली कोणी व्हायचे हा प्रश्न होता. शेवटी सहा जणींनी आपापसांत ठरवून एकाच सोमवारी पँट घातली. आज वर्गातल्या निम्म्या मुली पँटमध्ये असतात आणि मधल्या सुट्टीत लंगडी खेळतात.

ऐरोलीची पालक (प्रश्नकर्ती)

सर्वांची मनापासून आभारी आहे. पाच पालकांच्या सह्यांचे पत्र काल दिले, पोच मिळाली आणि पुढच्या बुधवारची वेळही मिळाली आहे. घोडबंदरच्या पालकांचे वाचून केसांच्या नियमाचाही उल्लेख पत्रात केला, त्यामुळे सह्यांमध्ये दोन मुलग्यांचे वडीलही आले.

भेटीत काय मांडायचे ते लेकीला विचारले, तेव्हा तिने मैत्रिणींशी बोलून वहीच्या पानावर क्रमाने लिहून दिले. स्कर्ट तिसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्या ओळीत शनिवारची पांढरी पँट आहे आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढली आहे. हे तिने मला आजवर कधीच सांगितले नव्हते.