सासूबाईंची चित्र आठवायची टेस्ट कमी आली, शब्दांची ठीक. काय समजायचं?

पार्ल्याची_सून
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या. सासूबाई ७१, सातवी पास, घरचं सगळं अजून त्याच बघतात. हल्ली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, ते आमचंही होतं म्हणून सोडून दिलं होतं, पण गेल्या महिन्यात दादरला फुलं घेऊन बाहेर पडल्या आणि स्टेशन कुठल्या बाजूला तेच कळेना, आणि तिथे त्या लग्न झाल्यापासून जातायत हो! न्यूरोलॉजिस्टने मेमरी टेस्ट करायला पाठवलं. त्यात एक किचकट चित्र होतं, चौकोन, तिरप्या रेघा, गोल, बघून काढायचं आणि मग अर्ध्या तासाने न बघता. बघून काढलं तेव्हा ३६ पैकी २९, नंतर ७. शब्दांची यादी मात्र वयाच्या मानाने ठीक म्हणे. आता नवरा म्हणतो आईला चित्रकला येत नाही एवढंच, आणि मी रात्री दोन वाजता मोबाइलवर अल्झायमर वाचत बसते. गंमत म्हणजे यंदाही दिवाळीत पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी त्यांनी पुस्तक न बघता काढली. मग चित्रांची मेमरी गेली कशी म्हणायची?

बाबुराव_लालबाग
वय झालं की होतंच हे. आमची आजी नव्वदीत सगळ्यांना चुकीच्या नावाने हाक मारायची, कोणी टेस्ट केली नाही. डॉक्टर लोकांना धंदा पाहिजे.

सायको_ठाणे
बाबुराव, रस्ता चुकणं आणि नाव चुकणं यात फरक आहे, ते "वयच झालं" म्हणून सोडू नये. मी याच कामात आहे, पण रिपोर्ट न बघता निदान करणार नाही, फक्त वाचायचा कसा ते सांगते.

हे चित्र रे-ऑस्टेरिथचं दिसतंय. आंद्रे रेने १९४१ मध्ये काढलं, ऑस्टेरिथने १९४४ मध्ये त्याची पद्धत बसवली. १८ भाग, प्रत्येकी २ मार्क, म्हणून ३६. तर २९ आलेत म्हणजे हात आणि नजर बरी आहे, त्यामुळे "चित्रकला येत नाही" हा मुद्दा बराचसा तिथेच संपतो, मिस्टरांना सांगा. आता सत्तरीत निम्म्याहून जास्त चित्र गळतं, ते नेहमीचंच, पण ७ तरीही कमीच वाटतात. तरी एकट्या ७ वर जाऊ नका. दोन गोष्टी शोधा. काढून झाल्यावर लगेच, म्हणजे तीनेक मिनिटांनी, परत काढायला लावलं होतं का, आणि तेव्हा किती आले? साधारण माणसाचे तेव्हाचे आणि अर्ध्या तासानंतरचे मार्क जवळपास सारखे असतात. तेव्हा १५ आणि नंतर ७ असतील तर आत गेलेलं टिकत नाहीये. तेव्हाच ७ असतील तर मुळात नीट आत गेलंच नाही, त्याला लक्ष न लागणं, टेन्शन, डिप्रेशन, तुकड्यातुकड्याने काढायची सवय, काहीही कारण असू शकतं. दुसरं म्हणजे, शेवटी छोटे तुकडे दाखवून "हे त्यात होतं का" विचारलं होतं का? तिथे चांगलं आलं तर माहिती आहे, फक्त बाहेर येत नाही. तिथेही गडबड असेल तर जास्त काळजीने बघायचं.

आणि रांगोळी वेगळी हो. ती पन्नास वर्षं हातात मुरलेली आहे, अल्झायमरमध्येसुद्धा असलं बरंच उशिरापर्यंत राहतं. या टेस्टमध्ये नवीन चित्र मेंदूत साठतं का ते बघतात, आणि ते काम हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागाचं, अल्झायमरची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. कुठली वस्तू कुठे होती, रस्ता कुठे वळतो, हे पण तिथलंच, म्हणून तुमची दादरची गोष्ट मी डॉक्टरांना आधी सांगेन.

टीस्क्वेअर
आमचे बाबा ड्राफ्ट्समन, सगळं आयुष्य टी-स्क्वेअर घेऊन गेलं. ओपीडीतल्या पटकन होणाऱ्या टेस्टमध्ये पास! त्या ३० मार्कांच्या एमएमएसईमध्ये दोन पंचकोन काढायचे असतात, त्याला मार्क एक, आणि तेही समोर बघून काढायचे, त्यात मेमरी कुठे आली? मोका म्हणून तसलीच दुसरी छोटी टेस्ट असते, त्यात पण घन बघूनच काढायचा, घड्याळ मनाने, आणि थोड्या वेळाने आठवायचे ते पाच शब्दच, चित्र नाहीच. बाबांनी हे मोठं चित्र बघून असं काढलं की फ्रेम करावं, आणि अर्ध्या तासाने म्हणाले, कुठलं चित्र? चित्र काढलं होतं हेच आठवेना. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. म्हणून मोठी टेस्ट केलीत ते बरं केलंत.

नलूमावशी
चष्मा घातला होता का गं टेस्टच्या वेळी? आमच्या ह्यांना मोतीबिंदू होता, फिकट रेघा दिसतच नव्हत्या आणि सगळे म्हणे विसरतात. ऑपरेशननंतर परत टेस्ट केली तर बराच फरक. आणि बी१२ बघा, आपल्याकडे शाकाहारी माणसांत फार कमी निघतं. थायरॉइड पण.

पार्ल्याची_सून
मावशी, चष्मा होता पण नंबर जुना आहे, मोतीबिंदूचं कधी तपासलंच नाही. बी१२ करून घेते. सायको_ठाणे ताई, रिपोर्ट बघितला, लगेचचे १४ आहेत. तुकडे ओळखायचं काही लिहिलेलं नाही. एमआरआय पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत तेच चित्र घरी रोज काढून घेतलं तर चालेल का? नेटवर आहे.

सायको_ठाणे
नको नको, अजिबात नको! चित्र पाठ झालं की पुढची टेस्ट वाया, मार्क वाढतील आणि आजार असला तर झाकला जाईल. सहा महिने-वर्षाने परत करतील तेव्हा वेगळं चित्र मागा, त्यासाठी टेलरचं असतं. १४ वरून ७ हे डॉक्टरांना दाखवाच, पण शब्द ठीक आहेत, घर सांभाळतायत, म्हणजे कदाचित एमसीआय म्हणतील, म्हणजे वयाच्या मानाने जास्त विसरणं, पण रोजची कामं जमतात अशी अवस्था. एमसीआय झालेल्या सगळ्यांना अल्झायमर होतोच असं नाही, काही जण तिथेच राहतात, काही सुधारतात पण. चालू गोळ्यांची यादी न्या, झोपेच्या, अॅलर्जीच्या आणि वारंवार लघवीच्या काही गोळ्यांनी मेमरी मंदावते. डोळे आधी तपासा. आणि पुढची टेस्ट सकाळची घ्या, जेवणानंतर डोळे जड झालेले असताना नको.

पार्ल्याची_सून
गोळ्यांमध्ये लघवीची आहे. उद्याच विचारते.