मदत हवी आहे: मे महिन्यात राजगड–तोरणा–रायगड, मुक्काम तंबूतच

पायवाट७७
नमस्कार मंडळी. उत्तर जरा लवकर हवंय, सोमवारी रजेचा अर्ज टाकायचा आहे. चार दिवस, तीन रात्री. राजगड–तोरणा–रायगड करायचं ठरलंय. राहणार तंबूत, उघड्यावर. कुणाच्या घरी मुक्काम, जेवणाची सोय वगैरे काही नको. वाचायला मिळतात ती सगळी वर्णनं डिसेंबर-जानेवारीची. माझा प्रश्न एकच आहे: मोहरी गावावरून खाली कोकणात उतरायला बोराट्याची नाळ घ्यावी की सिंगापूर नाळ (नाळ म्हणजे कड्यातून उतरणारी अरुंद घळ)? बाकी तयारी झाली आहे.

खडकवाट
किती जण? तारखा कोणत्या? याआधी मे महिन्यात पाठीवर ओझं घेऊन चालला आहात का? हे कळल्याशिवाय नाळेबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

बर्फाळवाट
मे महिना हिमालयाचा. सह्याद्रीत कशाला भाजून घेता? हिमाचलात जा, चार दिवसांत छोटा ट्रेक होतो. मी गेली सहा वर्षं मे महिन्यात तिकडेच जातो.

पायवाट७७
@बर्फाळवाट, जाण्यायेण्यातच चार दिवस जातील. हिमालय नको.
@खडकवाट, तिघं जण. २२ ते २५ मे. राजगड-तोरणा दोनदा झालाय, वाट माहीत आहे. नाळेचं सांगा ना कोणीतरी.

जुनाभिडू
सांगतो, पण नाळेचं नंतर. दोनदा केलात तो कोणत्या महिन्यात? आम्ही चौघांनी मेच्या दुसऱ्या आठवड्यात केला होता. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याकडे जाणाऱ्या डोंगरधारेला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. तिथेच चूक झाली. त्या धारेवर सावली जवळजवळ नाहीच. अकरानंतर कातळाला हात टेकवत नव्हता. बाटलीतलं पाणी चहासारखं गरम, प्यायलं तरी तहान भागेना. तोरण्याची बुधला माची समोर दिसत होती, पण जवळ काही येईना. बारा-साडेबाराला आमच्यातला एक जण बडबडायचा थांबला. त्याचा हात धरला तर कोरडा ठणठणीत आणि तापलेला. घाम यायचाच थांबला होता. एका झुडपाच्या बोटभर सावलीत त्याला निजवलं, राहिलेलं सगळं पाणी त्याच्या मानेवर, काखेत ओतलं, शर्टानं वारा घातला. मग दोघं धारेवरच्या घरापर्यंत पळत गेलो. तिथल्या आजींनी हंडाभर पाणी दिलं आणि त्यांचा मुलगा आमच्यासोबत परत आला. तो मित्र वाचला. त्या दिवसापासून मी मे महिन्यात माणशी पाच लिटरच्या खाली पाणी घेऊन धारेवर पाऊल टाकत नाही, आणि साडेनऊनंतर चालत नाही.

तिघांचं पाच-पाच लिटर म्हणजे पंधरा किलो. वर तंबू, शिधा. हिशेब करा.

पायवाट७७
जानेवारीत. दोन्ही वेळा.

खडकवाट
मग वाट माहीत आहे, पण मे महिना माहीत नाही.

नाळेचं उत्तर देऊन टाकतो. बोराट्याची नाळ लिंगाण्याचा सुळका आणि रायलिंग पठाराच्या बेचक्यातून उतरते. मोठमोठे धोंडे, मध्ये सुटी घसरण, पाठीवर जड सॅक असेल तर गुडघ्यांची परीक्षा. सिंगापूर नाळ त्या मानानं सोपी, खाली रायगडाजवळच्या दापोली गावात निघते. पण दोन्हीकडे उतरलात की कोकण. हवा दमट, घाम वाळत नाही, आणि त्यानंतर रायगड चढायचा. २५ तारखेला दुपारी ते तुम्हाला जमणार नाही.

तंबूवाला
तंबू कोणता आहे? उन्हाळ्यात बाहेरचा थर घरी ठेवा, आतली जाळी पुरे. किलोभर वजन वाचतं.

जुनाभिडू
@तंबूवाला, हा सल्ला देऊ नका. मेअखेर म्हणजे वळिवाचे दिवस. दुपारी आभाळ भरून येतं आणि तासाभरात झोडपून जातं. जाळीत झोपलेली माणसं भिजून गारठतात. बाहेरचा थर न्यायचाच. आणि गडगडाट ऐकू आला की धार सोडून खाली यायचं, झाडाखाली थांबायचं नाही.

तंबूवाला
मी १७ वर्षं उघड्यावर झोपतोय. वळीव काय रोज येत नाही.

रानजाई
तंबू कुठे ठोकणार आहात, हे कोणी विचारलंच नाही. राजगड आणि रायगड ही संरक्षित स्मारकं आहेत, २०२५ साली दोन्ही जागतिक वारसा यादीत गेली. गडावर तंबू हा विचार काढून टाका. गडाखालचं रान वनखात्याचं, त्यांची परवानगी लागते. आणि चूल तर कुठेच पेटवू नका. मे महिन्यात गवत कुरकुरीत वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि डोंगर काळा. गॅसचा छोटा स्टोव्हही मोकळ्या मातीवर, बाजूला पाणी ठेवून.

आणखी एक. अत्तर, वासाची तेलं नकोत. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात.

बर्फाळवाट
म्हणून म्हणतो, हिमालय. तिकडे पाणी वाहतं असतं.

कारवीबहर
मी दुसरी वाट सुचवू का, अकोले तालुक्यातली? रतनवाडी–कात्राबाई खिंड–कुमशेत–पाचनई–हरिश्चंद्रगड. मेअखेरीला त्या पट्ट्यात काजवे असतात, झाडंच्या झाडं एकदम उजळतात आणि विझतात. कात्राबाईच्या रानात सावली आहे. रोज मुक्कामाला गाव, म्हणजे पाण्याची काळजी नाही.

रानजाई
"गाव आहे म्हणजे पाणी आहे" हे पुण्या-मुंबईत बसून लिहिलेलं वाक्य आहे. त्या पट्ट्यात पाऊस दाबून पडतो आणि मे महिन्यात विहिरीला तळ दिसतो. बायका मैलभर हंडे वाहतात. तिथे जाऊन तुम्ही पंधरा लिटर भरून घेणार?

कारवीबहर
मग कोणी जायचंच नाही का? गावात चार पैसे ट्रेकरमुळेच जातात. वाटाड्याचे, जेवणाचे. धागाकर्त्यांना तर तेही नकोय.

रानजाई
पैसे दिले म्हणून विहिरीत पाणी वाढत नाही.

कारवीबहर
तुमच्या मतानं सगळ्यांनी घरीच बसायचं असं दिसतंय.

अकोलेकर
दोघांनी जरा थांबा. माझं आजोळ तिकडचं, लहानपणी मेची सुट्टी तिथेच गेली. वाटसरूला पाणी नाही असं आमच्याकडे कोणी म्हणणार नाही, स्वतःच्या घागरीतलं देतील. म्हणूनच मागणाऱ्यानं विचार करायचा. प्यायला आणि भाताला घ्या. भांडी राखेनं किंवा मातीनं घासा, फडक्यानं पुसा. आंघोळ चार दिवस नाही केली तरी चालतं. आणि विहिरीवर सकाळी सहाला जाऊ नका, ती बायकांची वेळ. दुपारी जा, नाहीतर ज्या घरी विचाराल त्या घरच्या माणसाबरोबर जा. रतनवाडीला धरणाचं पाणी जवळ आहे, तिथे अडचण नाही. कुठलंही पाणी गाळून, उकळून घ्या.

@पायवाट७७, तिघं म्हणजे कोण कोण? तिघंही सारखे चालणारे आहात का?

पायवाट७७
मी, माझी बहीण आणि तिचा मुलगा. भाचा ११ वर्षांचा आहे. तंबूचा हट्ट त्याचाच. गेल्या वर्षी त्याचे बाबा गेले. ते त्याला घेऊन तारे बघत रानात झोपणार होते, तसं ठरलं होतं. म्हणून घरगुती मुक्काम नको म्हणालो.

जुनाभिडू
हे आधी सांगायला हवं होतं दादा. धार विसरा. ११ वर्षांचं पोर त्या धारेवर मे महिन्यात नाही. मी हात जोडून सांगतो.

खडकवाट
सहमत. दोन्ही नाळाही नकोत. रायगड कुठे जात नाही, डिसेंबरात या, मी स्वतः सोबत येईन.

रानजाई
मुलाला घेऊन जात असाल तर कात्राबाईचीच वाट बरी. मघाशी मी जरा जोरात बोलले, कारवीबहर, मनावर घेऊ नका. फक्त वाटाड्या घ्या. रतनगडाच्या पोटातल्या त्या रानात ढोरवाटा फार फुटतात, माहीतगार माणसंही चुकतात.

नवखा_ट्रेकर
भाच्याला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून इंद्रवज्र (गोल इंद्रधनुष्य) दिसेल का? इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सला १८३५ साली दिसलं होतं म्हणे.

खडकवाट
मे महिन्यात नाही. दरीत ढग हवेत आणि पाठीशी ऊन हवं, ते पावसाळ्यातलं काम. मेमध्ये करवंदं दिसतील, ती खा.

कारवीबहर
@रानजाई ताई, नाही घेतलं मनावर. दिवस असे पाडा. २२ ला कसारा–घोटी–शेंडी करून रतनवाडी, संध्याकाळी अमृतेश्वराचं देऊळ, रात्री काजवे. बॅटरीला लाल कागद लावा, पांढऱ्या उजेडानं ते बिथरतात. रतनगड या खेपेला सोडा, शिड्या तापतात. २३ ला पहाटे साडेचारला वाटाड्यासोबत निघा, कात्राबाई खिंड उन्हाआधी गाठा, दुपारपर्यंत कुमशेत. २४ ला कुमशेत ते पाचनई, अर्ध्या दिवसाची वाट, गाडीरस्ताही आहे, मुलगा दमला तर जीप. २५ ला ओझं पाचनईत ठेवून पहाटे हरिश्चंद्रगड, दहाच्या आत खाली. अभयारण्य आहे, वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि तंबूचं विचारणं आधी फोनवर करून घ्या.

पायवाट७७
हे पटलं. ताईला वाचून दाखवलं, तीही हो म्हणाली. रजा टाकतोय. मीठ-साखर-लिंबू, ओआरएस, टोप्या, सगळं यादीत घेतलं. बाहेरचा थर नेणार. एकच प्रश्न: कुमशेतला तंबू कुठे लावायचा, आणि विचारायचं कुणाला?

अकोलेकर
भाताची खाचरं मे महिन्यात मोकळी असतात, सपाट, एका पातळीत. पहिल्या घरी थांबा, ओझं उतरवा, मालक कोण ते विचारा, हो म्हणतील. राब भाजलेली, म्हणजे पालापाचोळा जाळलेली काळी जागा टाळा, राख तंबूभर होते आणि ती त्यांच्या रोपांसाठी असते. जमीन अशी घट्ट असते की खुंट्या वाकतात, दोऱ्यांना दगड बांधावे लागतील. दगड उचलताना आधी काठीनं उलथा, खाली विंचू असतो. भाच्याला तेवढं शिकवा. त्याला चांदण्या भरपूर दिसतील, तिकडे अजून अंधार आहे.

सकाळी निघताना दगड परत जिथले तिथे लावा. ते बांधाचे असतात, पंधरा दिवसांत पाऊस येतो.

पायवाट७७
लावतो. परत आलो की इथे लिहितो.