याकोब काइझर यांचा ‘पूल’ खरंच उभा राहिला असता का?

गिरणगावकर:
युद्धानंतरचा जर्मनी म्हटलं की आपल्याकडे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर आडेनाउअर आठवतात, फार तर नंतरचे चान्सलर विली ब्रांट. याकोब काइझर यांचं नाव निघालंच तर ‘भाबडा माणूस’ म्हणून. मला हा अन्याय वाटतो.

हाम्मेलबुर्गचा हा बुकबाइंडर ख्रिश्चन कामगार संघटनांतून वर आला. 1933 मध्ये नाझींनी युनियन मोडून काढल्या. पुढे काइझर यांनी समाजवादी युनियनचे विल्हेल्म लॉयश्नर आणि राष्ट्रवादी कर्मचारी संघटनेचे माक्स हाबरमान यांच्याशी गुपचूप बोलणी चालू ठेवली. हिटलर गेला की धर्म आणि पक्षावरून फुटलेल्या युनियन एक करायच्या, हा बेत. 20 जुलै 1944 चा हिटलरला मारण्याचा कट फसला. लॉयश्नर फासावर गेले, हाबरमान यांनी जीव दिला. काइझर बाबेल्सबर्गमधल्या एका तळघरात लपून राहिले म्हणून वाचले.

युद्धानंतर सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व जर्मनीत सीडीयू या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्ष असताना ते सांगत राहिले, जर्मनी फुटू देऊ नका, तो पूर्व-पश्चिमेतला पूल होऊ दे. आडेनाउअर यांनी पश्चिमेशी नातं आधी जोडलं. माझ्या मते काइझर बरोबर होते.

पूर्वरंग:
तळघरातल्या माणसाबद्दल आदरच आहे, पण राजकारण वेगळं. काइझर अध्यक्ष झाले कसे? आधीचे हेर्मेस आणि श्रायबर यांनी जमीनदारांची जमीन विनामोबदला काढून घेण्याला विरोध केला, म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यांना डिसेंबर 1945 मध्ये हटवलं. त्याच खुर्चीवर काइझर बसले. दोन वर्षांनी कम्युनिस्टांनी भरवलेल्या ‘लोककाँग्रेस’ला साथ द्यायला नकार दिला, तर त्यांनाही घालवलं. जे आपल्याला पक्षही चालवू देत नाहीत, ते अख्खा देश सोडतील ही आशा कशावर होती? आणि 1990 मध्ये जर्मनी एक झाला तो नाटोत राहूनच.

गिरणगावकर:
1990 मध्ये! मधली चाळीस वर्षं पूर्वेकडच्यांनी काढली, पश्चिम जर्मनीची राजधानी बॉनमधल्यांनी नाही. 1953 मध्ये कामाचं माप वाढवलं म्हणून पूर्व बर्लिनचे बांधकाम मजूर रस्त्यावर आले, तर 17 जूनला समोर रणगाडे.

रात्रपाळी:
17 जून काढलात म्हणून लिहितो. आदल्या रात्री हेच काइझर, तेव्हा बॉनमध्ये मंत्री, रेडिओवरून पूर्वेतल्या लोकांना अविचारी पाऊल उचलू नका म्हणून विनवत होते. मी बरीच वर्षं युनियनचं काम केलंय. संपावर निघालेल्या माणसाला आपल्याच माणसाकडून हे ऐकावं लागणं फार जड जातं.

शिवाय धोरण पटत नव्हतं तर 1949 ते 1957 आडेनाउअर यांच्या मंत्रिमंडळात कशाला राहिले?

गिरणगावकर:
रेडिओचं मला समजतं. 1944 मध्ये सोबती गमावलेला माणूस निःशस्त्र मजुरांना पुढे व्हा म्हणू शकत नाही. मंत्रिपदाबद्दल मात्र तुमचं खरं आहे, मलाही ते खटकतं. पण मंत्री असूनही फ्रान्सच्या वर्चस्वाखालच्या सारलँड या प्रदेशाच्या प्रश्नावर ते आडेनाउअर यांच्याविरुद्ध गेले. ऑक्टोबर 1955 मध्ये तिथल्या 67.7 टक्के मतदारांनी सारलँडला जर्मनीपासून वेगळं ठेवणारा, आडेनाउअर यांनी मान्य केलेला करार फेटाळला आणि 1957 मध्ये सारलँड जर्मनीत आलं.

साधा_वाचक:
सारलँडपेक्षा मोठी गोष्ट राहिली. 10 मार्च 1952 ला स्टॅलिननं प्रस्ताव पाठवला: एकसंध जर्मनी, पण कुठल्याही लष्करी गटात नाही. काइझर म्हणाले, गांभीर्यानं तपासा. तपासायला काय जात होतं?

पूर्वरंग:
वेळ. मे महिन्यात पश्चिमी देशांबरोबरच्या करारांवर सह्या व्हायच्या होत्या. बोलणी लांबली की त्या अडणार. स्टॅलिनला तेवढंच हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

गिरणगावकर:
अडल्या असत्या तर अडू द्यायच्या. त्याच सह्या सहा महिन्यांनीही करता आल्या असत्या.