परदेशी बालआरोग्याच्या कामावर जाण्याआधी शिकायचं कुठे?

धारणीकर
आमच्याकडून बालरोगात एमडी होऊन बाहेर पडणाऱ्या दोघांना दक्षिण सुदानला जायचं आहे. तयारी काय केली विचारलं, तर मोबाइल पुढे केला. जागतिक आरोग्य संघटनेची रुग्णालयातल्या मुलांसाठीची छोटी पुस्तिका (२०१३ ची आवृत्ती), एमएसएफ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेची मार्गदर्शिका, चार-पाच ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं. पुस्तिका आणि मार्गदर्शिका तर फुकट मिळतात आणि उत्तम आहेत. तरी माझं मत आहे की हे उघडण्याआधी त्यांनी तीन महिने मेळघाटात किंवा नंदुरबारमधल्या धडगावला काढावेत.

परवा त्यातल्या एकाला दहा महिन्यांच्या बाळाचे श्वास मोजायला सांगितले. बाळ रडत होतं, अंगावर दोन झबली. त्याने पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, ७२ आले. मी आईला बाळ पाजून शांत करायला सांगितलं, मग झबलं वर करून घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. ४६. या वयात ५० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास, हे त्याला पाठ होतं. मोजायची सवय हाताला नव्हती, आणि त्या बाळाला विनाकारण अँटिबायोटिक गेलं असतं.

स्पंदन
ताई, माझा ठाम विरोध. तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजायचं, हे आयएमएनसीआयच्या, म्हणजे नवजात आणि बालआजारांच्या एकात्मिक उपचाराच्या, प्रशिक्षणातच घोटून घेतात. त्याने ते मन लावून केलं नाही म्हणून चुकला.

आणि अनुभवावर इतका भरवसा नको. फीस्ट चाचणी आठवा. केनिया, युगांडा, टांझानियातली ३,१४१ मुलं, तापाने गंभीर, रक्ताभिसरण मंदावलेलं. अशा मुलाला शिरेतून भराभर बोलस, म्हणजे एकदम भरपूर सलाइनसारखा द्रव, द्यायचा, हे आपण वर्षानुवर्षं करत आलो. खाटेशी उभं राहिलं की ते बरोबरच वाटायचं, कारण तासाभरात शॉक, म्हणजे ते मंदावलेलं रक्ताभिसरण, ओसरताना दिसायचा. पण ४८ तासांतले मृत्यू बोलस दिलेल्यांत सुमारे १०.५ टक्के, न दिलेल्यांत ७.३ टक्के. २०११ साली हे छापून आलं तेव्हा कळलं. नुसत्या डोळ्यांना ते जन्मात दिसलं नसतं.

शिवाय मेळघाटातलं लेकरू म्हणजे दक्षिण सुदानला निघालेल्यांच्या सरावाची बाहुली आहे का?

गटप्रवर्तक
मी डॉक्टर नाही, आशांची गटप्रवर्तक आहे. पण राहवलं नाही. पुस्तक की पाडा यावर बोलताय, शिकवणार कोण ते कुणीच बोललं नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं की तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आमच्या आशा बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत भेटी देतात, त्याचं मूळ तिथे आहे. मोठे आकडे मोजता न येणाऱ्यांसाठी त्यांनी श्वास मोजायचं साधन केलं, मिनिटभराची वाळू आणि दर दहा श्वासांना सरकवायचा एक मणी. धारणीकर ताईंच्या डॉक्टरला ते हातात दिलं असतं तर गुणाकार करावाच लागला नसता.

आमच्याकडे आलेले डॉक्टर घरात शिरले की थेट बाळाला हात लावतात. आधी हात धुवा, बाळाला उघडं करू नका, हे आशाताईला सांगावं लागतं. तुमच्या यादीत हिचं नाव शिक्षक म्हणून लिहा.

धारणीकर
स्पंदन, फीस्टचं मान्य. त्याच आकड्यांमुळे मी स्वतः बोलस देणं बदललं. बाहुलीचं लागलं, म्हणून सुधारून म्हणते, पहिला महिना त्यांनी औषध लिहायचं नाही, आशाताईच्या मागून फिरायचं.

पण एक सांगा. मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या आत, पाय सुजलेले, म्हणजे तीव्र कुपोषण. पुस्तक म्हणतं, दाखल करा आणि एफ-७५ हे उपचाराचं दूध दर दोन-तीन तासांनी पाजा. आई चार तास चालत आलीय आणि धाकटं घरी आहे म्हणून संध्याकाळीच निघते म्हणते. तिला थांबवायचं कसं, ते कुठल्या मॉड्यूलमध्ये आहे?

स्पंदन
कुठल्याच नाही. पण मेळघाटातल्या कोरकू भाषेत शिकलेलं दक्षिण सुदानच्या राजधानीत, जूबाला, कसं चालेल? तिथली भाषा वेगळी, घरात शब्द कुणाचा चालतो तेही वेगळं. त्यापेक्षा जायच्या आधीपासून तिथल्याच डॉक्टर आणि नर्सबरोबर दर आठवड्याला केस-चर्चा ठेवा, आणि पोचल्यावर सुरुवातीचे आठवडे त्यांच्या हाताखाली काढा. मेळघाटाचा आग्रह मेळघाटात राहणाऱ्यांसाठी धरा, तिथे माणसं कमी आहेत.

गटप्रवर्तक
थांबवायचं कसं ते मी सांगते. आधी घरच्या लेकराला कोण बघेल ते विचारायचं. मग मूल दाखल असताना बुडालेल्या रोजाचे पैसे, म्हणजे बुडीत मजुरी, मिळते हे सांगायचं. दुधाचं त्यानंतर. गेल्या आठवड्यात एक आई अशीच उठून निघाली होती. धाकट्याला मावशीकडे सोडायला आमची आशाताई स्वतः पाड्यावर गेली, तेव्हा ती खाटेवर परत बसली.