मदत हवी आहे : पानाची जुनी आणि नवी आवृत्ती ताडून पाहायची आहे (तातडीचे)

फोंडेकर_टाळ
घाई आहे म्हणून थेट विचारतो. मंडळाच्या साइटवर आमच्या भजन स्पर्धेच्या नियमांचं पान आहे. चवथीअगोदर तिथं 'पखवाजवादक सोडून १२ कलाकार' असं होतं म्हणे, आता 'पखवाजवादक धरून १२' दिसतंय. एक पथक बाद झालंय आणि ते भांडायला उभे आहेत. दोन आवृत्त्या शेजारी शेजारी दाखवणारा पडदा उघडला तर अख्खं पान लाल-हिरवं. बाकीचे नियम तर तेच आहेत! रविवारी बैठक आहे. लवकर सांगा.

सत्तरीकार
साइट कशावर बनवलीय? वर्डप्रेस, जूमला, द्रुपल?

मडगावचो_मास्तर
जूमला असेल तर एकदम सोपं. लेख उघडा, वर 'व्हर्जन्स', दोन नोंदींवर खूण करा, 'कंपेअर' दाबा. २०१३ पासून ही सोय आहे. आमच्या शाळेची साइट मी जूमलातच ठेवलीय.

सत्तरीकार
मास्तर, त्यानं अजून सांगितलंच नाही जूमला आहे म्हणून.

फोंडेकर_टाळ
वर्डप्रेस. दुसरं काय असणार?

म्हापसेंकार
वर्डप्रेस जुन्या आवृत्त्या साठवत बसतं आणि डेटाबेस फुगतो. एखादं सफाईचं प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका, सगळ्या रिव्हिजन म्हणजे त्या जुन्या आवृत्त्या एका क्लिकमध्ये साफ. डेटाबेस हलका होतो.

सत्तरीकार
अहो!! फोंडेकर बाब, त्यांचं ऐकून काही पुसू नका. तुम्हाला हवं ते त्याच नोंदींत आहे.

डिचोलीची_सून
एलिमेंटर (वर्डप्रेसमध्ये पान मांडायचं प्लगइन) वापरता का? तसं असेल तर तुलनेच्या त्या पडद्यावर विसंबू नका. तो मुख्यतः शीर्षक, मजकूर आणि सारांश (एक्सर्प्ट) एवढंच ताडतो. एलिमेंटर आपली मांडणी डेटाबेसात 'पोस्टमेटा' नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतं आणि त्याच्या जुन्या प्रती त्याच्याच 'हिस्टरी'मध्ये बघाव्या लागतात.

फोंडेकर_टाळ
ते नाही. वर बोल्ड-इटॅलिकची पट्टी असते तो जुना एडिटर.

डिचोलीची_सून
मजकूर तिथंच टंकता की बाहेरून आणून चिकटवता?

फोंडेकर_टाळ
सचिव वर्डमध्ये लिहून पाठवतात, ऑफिसातला मुलगा चिकटवतो. त्याचा इथं काय संबंध?

डिचोलीची_सून
सगळा संबंध तिथंच आहे, दादा. तुमच्या नियमांत 'भाग घेणाऱ्या', 'दुसऱ्या फेरीत', 'सादर करणाऱ्या' असे शब्द ओळीओळीला असणार. हा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत 'ऱ' हे वेगळं अक्षर असतं, दुसरीत साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. कीबोर्ड बदलला किंवा जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलं की असं होतं. त्यात वर्डप्रेस आधी परिच्छेद जुळवतं आणि जुळलेल्या जोडीतच शब्द ताडतं. एखादी रिकामी ओळ वाढली की जोड्या घसरतात आणि परिच्छेदच्या परिच्छेद रंगतात.

उपाय : दोन्ही आवृत्त्यांचा मजकूर नोटपॅड++ मध्ये वेगळ्या फायलींत घ्या. बदला-आज्ञेनं दोन्हीकडचा 'ऱ्य' एकाच तऱ्हेचा करा, जास्तीच्या ओळी काढा, मग तिथलं तुलनेचं प्लगइन चालवा. 'सोडून' आणि 'धरून' तेवढे उरतील.

पर्वरी_कोडर
एवढा उपद्व्याप कशाला? सगळं गिटमध्ये (प्रोग्रामर फायलींतल्या बदलांची नोंद ठेवतात ते साधन) ठेवा, शब्दवार फरक एका आज्ञेत मिळतो.

सत्तरीकार
हो तर, सचिव कमिट करतील आणि खजिनदार मर्ज. 😂

पर्वरी_कोडर
हसा. पण मुख्य मुद्दा कोणी बोललंच नाही. रिव्हिजनची नोंद म्हणजे पान कधी सेव्ह झालं ते. त्या दिवशी लोकांना काय दिसलं हे त्यातून सिद्ध होत नाही. कॅशे (पानाची साठवून ठेवलेली प्रत) असेल तर बदलानंतरही जुनं पान दिसत राहतं. वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) पत्ता टाकून बघा, त्या दिवसांतली प्रत सापडली तर ती बाहेरची साक्ष.

डिचोलीची_सून
हे मान्य. आणखी एक, नोंदीवर 'ऑटोसेव्ह' लिहिलंय का बघा. असेल तर तो मजकूर तेव्हा बाहेर गेलेलाच नव्हता, कोणीतरी टंकून 'अपडेट' न दाबता सोडलेला.

मडगावचो_मास्तर
नियमाचंच बोलायचं तर पखवाजी धरूनच मोजतात. मी स्वतः परीक्षक होतो.

म्हापसेंकार
आमच्याकडे सोडून मोजतात. हार्मोनियमवाला सुद्धा सोडून.

मडगावचो_मास्तर
हार्मोनियमवाला सोडून? मग गातो कोण, पेटी?

फोंडेकर_टाळ
मास्तर, ते परीक्षक बघतील. नोटपॅड++ चं जमलं, ताई. 'सोडून' असलेली नोंद आहे आणि ती ऑटोसेव्ह नाही. वेबॅकवर आमचं फक्त मुखपृष्ठ आहे, नियमांचं पान नाही. आता बदल कोणी केला ते पाहिजे. प्रत्येक नोंदीवर 'ॲडमिन' एवढंच दिसतं.

सत्तरीकार
ॲडमिनचं लॉगिन कितीजण वापरतात?

फोंडेकर_टाळ
सगळेच. पासवर्ड ऑफिसातल्या फळ्यावर लिहिलेला आहे.

पर्वरी_कोडर
मग वर्डप्रेस नाव कुठून आणणार? होस्टिंगवाल्याकडे त्या वेळेचे ॲक्सेस लॉग (साइट कुठून उघडली त्याच्या नोंदी) मागा, निदान आयपी म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता कळेल. आजच मागा, लॉग फार दिवस ठेवत नाहीत.

म्हापसेंकार
आणि पासवर्ड बदला हो.

फोंडेकर_टाळ
बदलतो. पण मग मुलाला कसा कळवायचा? तो फळाच बघतो.