उद्यानांचा निधी : आधी देखभाल की आधी नवे काम?

पारंबी (धागाप्रस्ताव)

सार्वजनिक उद्यानांच्या सुधारणेसाठी निधी मंजूर झाला की प्रवेशद्वार, कारंजे आणि रोषणाई यांचे आराखडे सर्वांत आधी तयार होतात, आणि माळ्यांच्या रिकाम्या जागा, बंद पडलेले पंप, कुलूपबंद स्वच्छतागृहे यांचा विषय पुढच्या वर्षावर ढकलला जातो. या क्रमाला माझा विरोध आहे. पुढील वीस वर्षांची देखभाल कोण करणार आणि तिचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार, हे लेखी ठरल्याशिवाय कोणत्याही उद्यानात नवे भांडवली काम मंजूर होऊ नये, आणि निधी उद्यानाच्या नावलौकिकाप्रमाणे न वाटता आजवर झालेल्या दुर्लक्षाप्रमाणे वाटला जावा, असे माझे म्हणणे आहे.

हे दुर्लक्ष निव्वळ आळसातून होते असे मला वाटत नाही. हिशोबाची रचनाच त्याला खतपाणी घालते. बहुतेक नगरप्रशासनांत भांडवली (नव्या बांधकामाच्या) आणि महसुली (रोजच्या चालवण्याच्या) खर्चाची खाती वेगळी असतात. कर्ज काढता येते ते भांडवली कामासाठी. अनुदाने आणि देणग्याही प्रामुख्याने त्याच कामाला मिळतात, कारण त्याचे उद्घाटन करता येते. रोजची झाडलोट, पाणी, छाटणी आणि किरकोळ दुरुस्ती यांचा भार मात्र त्या त्या वर्षाच्या उत्पन्नावर पडतो, आणि तंगीच्या वर्षात पहिली कात्री तिथेच लागते. साहजिकच दुरुस्ती टाळत राहणे सोयीचे ठरते, कारण पुरेशी मोडतोड झाली की तेच काम ‘नूतनीकरण’ म्हणून भांडवली खात्यात जाऊन बसते.

पिण्याच्या पाण्याचा एखादा नळ पाहा. आतला वायसर झिजतो आणि नळ ठिबकू लागतो. तो बदलायला कोणी येत नाही, म्हणून खालची फरशी शेवाळते. पाणी शेजारच्या वाटेखाली मुरते, फरशीखालची भर हळूहळू वाहून जाते, फरश्या खचतात आणि खोलगट जागी डबके साचते. काही वर्षांनी त्या वाटेच्या नूतनीकरणाची निविदा निघते, नव्या फरश्या बसतात, आणि नळ तसाच ठिबकत राहतो.

वाटपाच्या निकषांचे म्हणाल तर ते अन्यत्र वापरून झालेले आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली उद्यानांसाठी जो सामुदायिक उपक्रम सुरू झाला, त्यात मागील २० वर्षांत ज्यांच्यावर २,५०,००० डॉलरपेक्षा कमी भांडवली खर्च झाला अशी उद्याने आधी शोधून काढण्यात आली. या निकषात कोणाच्या आवडीनिवडीला किंवा वशिल्याला जागा उरत नाही. जुन्या नोंदी काढल्या की यादी समोर येते. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहराने २०१६ साली वस्तीपातळीवरील उद्यानांसाठी वीस वर्षांची योजना स्वीकारली, तीत वस्तीतील दारिद्र्य, लोकसंख्येची दाटी, साधनांची अवस्था आणि पूर्वी झालेला खर्च यांना गुण देऊन क्रम लावला जातो. विरोधी मते अवश्य मांडावीत.

सरळरेषा

धागाकर्त्यांचे निदान बरेचसे पटते, पण उपाय पटत नाही. उद्यानांना पैसा मिळतो तो लोकांना ती हवीशी वाटतात म्हणून, आणि लोकांना ती हवीशी वाटण्यासाठी कुठेतरी एक उत्तम उद्यान डोळ्यांसमोर असावे लागते. जोसेफ पॅक्स्टन यांनी आखलेले इंग्लंडमधील बर्कनहेडचे उद्यान १८४७ साली खुले झाले, तेव्हा घेतलेल्या जमिनीचा काही भाग उद्यानासाठी राखून कडेचे भूखंड घरांसाठी विकण्यात आले आणि त्यातून खर्चाची मोठी भरपाई झाली. कडेच्या जमिनीला भाव आला तो उद्यान देखणे होणार होते म्हणूनच. पुढे १८५० साली अमेरिकी उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी ते पाहिले, आणि त्याचा ठसा त्यांच्या न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्कच्या आखणीवर उमटला. त्या वेळी ‘आधी प्रत्येक गल्लीतील गवत कापा’ असा नियम असता, तर यातले काहीच उभे राहिले नसते.

दुसरे असे की, दुर्लक्षाच्या प्रमाणात निधी वाटायचा म्हणजे व्यवहारात तो सर्वत्र थोडाथोडा शिंपडायचा. प्रत्येक उद्यानाला दोन बाक आणि कुंपणाला रंगाचा एक हात मिळतो. कोणाचीच तक्रार राहत नाही आणि कोणत्याच उद्यानाचा कायापालट होत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचा अनुभव याच्या उलट आहे. १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या विक्रीमुळे लोक ज्या जागी पाऊल टाकायला कचरत, ती जागा नूतनीकरणासाठी १९८८ पासून काही वर्षे बंद ठेवून १९९२ साली पुन्हा खुली केली. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांच्या निरीक्षणांचा आधार घेऊन रस्त्यावरून आतले दिसू न देणारी झुडपे काढली, प्रवेशाचे मार्ग वाढवले आणि जागची हलवता येतील अशा खुर्च्या ठेवल्या. एकाच ठिकाणी पुरेसा पैसा आणि पुरेसे लक्ष दिल्यामुळेच हे साधले.

आणि वीस वर्षांच्या लेखी हमीचा उपयोग काय? आजच्या सभागृहाला वीस वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पाला बांधून ठेवता येत नाही. तो कागद फाईलमध्ये पिवळा पडेल, एवढेच.

हिशोबनीस

सरळरेषा यांनी ब्रायंट पार्क उद्धृत केले, पण तिथला रोजचा खर्च कोण उचलतो हे सांगायचे राहून गेले. भोवतालच्या मालमत्तांवरील विशेष आकारणी, जागेचे भाडे आणि कार्यक्रमांचे उत्पन्न यांवर ते उद्यान चालते. ज्या उद्यानाभोवती कार्यालयांचे मनोरे आहेत तिथे ही सोय होते. ज्याच्याभोवती भाड्याच्या खोल्या आहेत तिथे आकारणी कोणावर बसवणार?

देणगीदारांचाही विषय निघेलच, म्हणून आधीच लिहितो. सेंट्रल पार्कची निगा राखणारी खासगी संस्था १९८० साली स्थापन झाली आणि तिने ते उद्यान वाचवले, याबद्दल दुमत नाही. याच संस्थेला २०१२ साली धनाढ्य गुंतवणूकदार जॉन पॉलसन यांनी १० कोटी डॉलर दिले, तेव्हा त्याच शहरातील उपेक्षित उद्यानांचे काय, असा प्रश्न जोरात विचारला गेला. २०१३ साली राज्याचे सिनेटर डॅनियल स्क्वाड्रन यांनी असा प्रस्ताव मांडला की, अशा मोठ्या संस्थांनी आपल्या अंदाजपत्रकाचा पाचवा हिस्सा गरजू उद्यानांसाठी द्यावा. तो जसाच्या तसा मंजूर झाला नाही, पण २०१५ मध्ये मोठ्या संस्थांनी रोख रक्कम आणि मनुष्यबळ अशा दोन्ही रूपांत हातभार लावण्याचे मान्य केले. म्हणजे उत्तम उद्यानाचा ओघळ आपोआप खाली येत नाही, तो मागावा लागतो.

‘एकाच ठिकाणी पुरेसा पैसा’ या मुद्द्याबद्दल एवढेच सांगतो की शिकागोच्या मिलेनियम पार्कचा मूळ अंदाज १५ कोटी डॉलरचा होता आणि २००४ साली ते खुले झाले तेव्हा खर्च सुमारे ४७.५ कोटींवर गेला होता. उद्यान लोकप्रिय झाले, हे खरे. पण असे एक काम फुगले की छोट्या कामांची रांग किती मागे सरकते, याचा हिशोब उद्घाटनाच्या दिवशी कोणी मांडत नाही.

धागाकर्त्यांच्या हमीबद्दल मात्र मी सरळरेषा यांच्या बाजूचा आहे. हमी नको, मत्ता हवी. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स शहरात १९९२ साली उद्यानांसाठी स्वतंत्र न्यास स्थापन झाला, तेव्हा त्याला हिरव्या जागा ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या आणि सोबत भाडे देणाऱ्या व्यापारी मालमत्ताही दिल्या. देखभालीचा खर्च त्या उत्पन्नातून निघतो. इंग्लंडमध्ये उद्याने राखणे हे स्थानिक संस्थांवर कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे काटकसरीत त्यांचा क्रमांक वर असतो. मिल्टन कीन्सला ती धास्ती कमी आहे.

वाटसरू

एवढ्या लांब जायचे कारणच काय? नाममात्र प्रवेशशुल्क ठेवा आणि त्या पैशातून देखभाल करा. जो वापरतो त्याने द्यावे.

माळरान

वाटसरू, शुल्काची खिडकी ठेवली की कुंपण, दार, तिकीटवाला आणि रखवालदार हे चारही खर्च आधी करावे लागतात, आणि छोट्या उद्यानात गोळा झालेली रक्कम त्यांनाच पुरत नाही. शिवाय रोज दहा मिनिटे येऊन बसणारा म्हातारा माणूस येणे बंद करतो.

मी उद्यानांच्या कामावर बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून वरच्या चर्चेत न आलेला एक भाग लिहितो. नव्या कामाच्या करारात ठेकेदाराची जबाबदारी ठरावीक मुदतीपुरतीच असते. फरशी, बाक आणि दिवे यांना ती पुरते. झाडाला पुरत नाही. नव्याने लावलेल्या झाडाला मूळ धरेपर्यंत दोन-तीन वर्षे नियमित पाणी लागते, आणि करार बहुधा त्याआधीच संपतो. हस्तांतराच्या दिवशी झाडे हिरवी असतात, सही होते, आणि नंतरच्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कोणी पाठवायचा यावर दोन विभागांचा पत्रव्यवहार चालतो.

जुन्या झाडांची गत त्याहून वाईट. सुशोभीकरणात बुंध्याला अगदी भिडवून फरश्या बसवतात, कारण कोपरा नीट दिसतो. पाणी आणि हवा घेणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरातच, हाताच्या लांबीएवढ्या खोलीत पसरलेली असतात. काम चालू असताना तिथेच खडीची गाडी उभी राहते, माती दगडासारखी ठोकली जाते, तिच्यातली हवेची जागा संपते. झाड लगेच मरत नाही. आधी शेंड्याकडच्या फांद्या वाळतात, आणि तोवर त्या कामाचे देयक कधीच निघालेले असते. माझ्या मते कोणत्याही सुधारणेत जुन्या झाडांभोवतीचे कुंपण हे पहिले काम असावे आणि शेवटी निघावे.

नियोजनाबद्दल आणखी एक. ‘लोकांना विचारून ठरवले’ असे म्हणतात तेव्हा सभेला कोण आले होते, हे पाहावे. व्हिएन्नामध्ये १९९० च्या दशकात उद्यानांत प्रत्यक्ष कोण येते याचे निरीक्षण केले, तेव्हा नऊ-दहा वर्षांनंतरच्या मुली तिथून दिसेनाशा होतात असे आढळले; मोकळे मैदान मोठी मुले व्यापून टाकत होती. मग दोन उद्यानांत मोकळ्या जागेचे भाग पाडले, अधिक वाटा काढल्या, अन्य खेळांची सोय केली, आणि मुली परत येऊ लागल्या. त्या मुली कोणत्याही सभेत तक्रार मांडायला आल्या नसत्या. आधी मोजा, मग आखा. हे काम स्वस्तही असते, पण त्याची कोनशिला बसवता येत नाही.

सरळरेषा

माळरान यांचा अनुभव मान्य. झाडांबाबत वाद घालण्याचे कारण नाही. परंतु पैसा कुठून आणायचा या प्रश्नावर आपण सारे उद्यान विभागाच्या खात्यातच घुटमळत आहोत. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि शहराचे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर एंगहावे उद्यानाची पुनर्रचना अशी केली की, जोराच्या पावसात ते सुमारे २२,६०० घनमीटर पाणी साठवू शकते. ते २०१९ साली पुन्हा खुले झाले. डेन्मार्कमध्ये पावसाच्या पाण्याची अशी कामे जलसेवेच्या आकारणीतून करण्याची मुभा देण्यात आली. सिंगापूरच्या बिशान उद्यानात सिमेंटचा कालवा मोडून नदीला वळणे दिली गेली, त्यातही जलमंडळ सहभागी होते. उद्यान हे गटारव्यवस्थेचेही काम करते असे एकदा मान्य केले, की गटारांचा पैसा उद्यानात येतो. हा मार्ग मोठ्या भांडवली कामातूनच जातो, ठिबकणाऱ्या नळातून नव्हे.

पारंबी

सरळरेषा, पाण्याच्या खात्यातून निधी आणण्याची कल्पना मला आवडली. पण पाणी साठवणाऱ्या उद्यानात गाळही साठतो, आणि जाळ्यांत पालापाचोळा अडकतो. तो काढला नाही तर पुढच्या मोठ्या पावसात उद्यान तुंबलेल्या हौदासारखे भरेल आणि शेजारच्या घरांत पाणी शिरेल. म्हणजे जितके महागडे काम, तितकी माझी अट अधिक आवश्यक.

हमीचा कागद पिवळा पडेल, या आक्षेपावर माझी सूचना अशी आहे. नवे काम मंजूर करताना त्याचा वार्षिक देखभाल खर्च ठरवावा, आणि दरवर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला तो आकडा त्या रकमेशेजारी उद्यानाच्या दारावरच्या फलकावर लावावा. ज्या प्रभागात सलग दोन वर्षे ठरलेला खर्च झाला नाही, तिथे नवे भांडवली काम घेता येणार नाही.

हिशोबनीस

फलक चांगला, पण शेवटची अट उलटी पडेल. देखभालीचे पैसे अडवतो तो मुख्य कार्यालयातला लेखा विभाग, आणि नवे काम गमावतो तो प्रभागातला रहिवासी. ज्याच्या उद्यानाकडे आधीच दुर्लक्ष झाले त्यालाच तुम्ही दुसऱ्यांदा रांगेबाहेर काढणार, आणि हे तुमच्या पहिल्या परिच्छेदातील दुसऱ्या मागणीच्या नेमके विरुद्ध आहे. अट घालायचीच असेल तर शहराच्या सर्वांत मोठ्या उद्यानप्रकल्पावर घाला: छोट्या उद्यानांच्या देखभालीची त्या वर्षाची रक्कम खर्ची पडल्याशिवाय त्याच्या ठेकेदाराचा पुढचा हप्ता निघू नये. मग लेखा विभागाकडे तगादा लावायला वजनदार माणसेच जातील.